तुटक दिवसाचा अभ्यास

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना सहसा कुणी न सांगितलेला एक हिशोब आहे, आणि या पुस्तकाची सुरुवात त्या हिशोबापासून होते. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे शिकणे धरले आहे. वर्षाचे ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तास. सत्राचे २०, म्हणजे ६०० तास. थिअरीच्या विषयात एका श्रेयांकामागे वर्गात शिकवले जाते ते १५ तास. उरलेले १५ तास विद्यार्थ्याने वर्गाबाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर घालायचे, हे पदवीच्या रचनेतच गृहीत आहे. १५ आठवड्यांच्या सत्रात हे गणित आठवड्याला वर्गात २० तास आणि वर्गाबाहेर २० तास असे बसते. प्रयोगशाळेच्या विषयांत प्रमाण बदलते, कुठे सत्राला २० ऐवजी २२ श्रेयांक असतात, तेव्हा आकडे थोडे इकडेतिकडे होतील. मुद्दा तोच राहतो. आता दुसरा हिशोब. टिटवाळ्याहून किंवा अंबरनाथहून ठाण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत, रिक्षा, पूल, गाडीची वाट आणि गाडी धरून, दीड तास लागतो असे समजू. जाऊन-येऊन तीन तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८. पदवी जेवढा स्वाध्याय मागते, जवळजवळ तेवढाच वेळ प्रवास घेतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाविषयी काही उपयोगाचे लिहायचे असेल, तर हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवूनच लिहावे लागते. अभ्यासाच्या सवयींवरची बहुतेक पुस्तके पहिला आकडा सांगत नाहीत, आणि दुसरा त्यांच्या लेखकांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात कॉलेजात पाऊल दोनदा पडते: दहावीनंतर अकरावीला आणि बारावीनंतर एफ.वाय.ला. पहिल्या वेळी मूल जेमतेम सोळा वर्षांचे असते. शाळेत त्याचा दिवस इतरांनी आखलेला असतो. तासांची घंटा, रोजचा गृहपाठ, वहीवरची सही, पालकसभा. कॉलेजात हे सगळे एकदम गळून पडते. हजेरीची अट राहते, पण काल शिकवलेले आज आठवते का, हे कुणी विचारत नाही; विचारते ती थेट परीक्षा, आणि तोवर तीन महिने गेलेले असतात. त्यात मराठी माध्यमातून आलेल्यांचे माध्यम बदलते. इंग्रजी पुस्तकाचे जे पान शेजारचा पाच मिनिटांत वाचतो, त्याला यांची वीस मिनिटे जातात. हा फरक बुद्धीचा नाही, वेळेचा आहे. पण पहिल्या सत्रात तो बुद्धीचाच वाटतो, आणि त्या गैरसमजातून कितीतरी मुले मनातल्या मनात शर्यत सोडून देतात. अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्यांच्या दिवसात कॉलेजच्या जोडीला क्लासही असतो. एकच धडा दोनदा ऐकला जातो आणि एकदाही स्वतःहून सोडवला जात नाही. ऐकणे आणि शिकणे यांची गल्लत हा या वयातला सर्वात महाग पडणारा गैरसमज आहे.

या पट्ट्याला रेल्वेने घडवले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे गाडीमागोमाग दहा वर्षांत आलेले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. वाचनाची सोय अशी लवकर आली. उच्च शिक्षणाची मात्र फार उशिरा. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, पण त्यानंतर शंभर वर्षे इथल्या मुलांना पदवीसाठी गाडी पकडून मुंबईतच जावे लागे. १९३५ साली स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाचे ठाण्यातले कॉलेज १९६९ मध्ये निघाले, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये. उल्हासनगरचे चांदीबाई, डोंबिवलीचे पेंढरकर ही नावे या भागातल्या घराघरांत माहीत झाली, पुढे मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रेही ठाण्यात आणि कल्याणात आली. तरीही प्रवास संपला नाही. हवी ती शाखा, हवा तो विषय, हवे ते गुणांचे गणित जिथे जुळेल तिथे मूल जाते. डोंबिवलीचे ठाण्याला, ठाण्याचे माटुंग्याला, कसाऱ्याकडचे कल्याणला. इथला विद्यार्थी दीडशे वर्षांहून अधिक काळ प्रवासी विद्यार्थी आहे, आणि त्याच्या अभ्यासाचा विचार मात्र तो कायम टेबलापाशी बसलेला आहे असे धरून होत आला.

अभ्यास कसा करावा, हा प्रश्न मराठीला नवा नाही. सर्वात जुनी परंपरा पाठांतराची. वेदपाठशाळेत संहितेवर न थांबता पद, क्रम, जटा, घन अशा चढत्या रचनांत तेच शब्द उलटसुलट जोडून म्हणायचे. एकच मजकूर वेगवेगळ्या वाटांनी आठवावा लागत असल्याने चूक लगेच उघडी पडे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची शिडी होती. दिवेलागणीला घरोघर परवचा म्हटला जाई. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला, आणि शिकून अंगी न लावणाऱ्यासाठी ‘पढतमूर्ख’ हे प्रकरण वेगळे काढले. पुढे इंग्रजी शिक्षणाच्या काळात सुधारकांनी या परंपरेवर घोकंपट्टीचा शिक्का मारला. टीका बरीचशी रास्त होती, कारण अर्थ न समजता केलेले पाठांतर माणसाला पोपट करते, आणि कोणी शिकायचे हे जातीने ठरत होते. पण टीका करताना एक गोष्ट हातून निसटली, आणि या प्रस्तावनेचा रोख तिच्यावर आहे. परवचा म्हणताना समोर पुस्तक नसे. मूल आठवून म्हणत असे, रोज म्हणत असे, आणि अडले की तिथेच दुरुस्त होत असे. अर्थाशिवायचे रटणे टाकताना आपण पुस्तक मिटून आठवण्याची सवयही टाकली. आजचा विद्यार्थी घोकत नाही. तो रंगीत पेनाने ओळी रंगवतो, नोट्सच्या झेरॉक्स काढतो, व्हिडिओ दोनदा पाहतो. या सगळ्यात मजकूर डोळ्यांसमोरच राहतो, त्यामुळे तो आपल्याला येतो असे वाटत राहते.

प्रयोगशाळेतून आलेला पुरावा याच ठिकाणी बोट ठेवतो. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरजोड्यांच्या माळा पाठ करायच्या, काही काळाने पुन्हा करायच्या आणि किती कष्ट वाचले ते मोजायचे, अशी त्याची पद्धत. विसरणे पहिल्या काही तासांतच सर्वात वेगाने होते, हे त्यातून दिसले. त्याहून मोलाचे दुसरे निरीक्षण कमी लोकांना माहीत असते: जे काम एका दमात ६८ आवर्तनांनी होत होते, ते तीन दिवसांत विभागून ३८ आवर्तनांत झाले. कष्ट जवळपास निम्म्यावर आले, ते केवळ मध्ये रात्री घातल्यामुळे. सुमारे सव्वाशे वर्षांनी, २००६ मध्ये, हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. या एका प्रयोगात परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या अभ्यासाचे सगळे आकर्षण आणि सगळा तोटा एकत्र दिसतो. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा पुरावा तपासला, तेव्हा पहिल्या प्रतीच्या ठरल्या त्या दोनच: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागणे. ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे, या सर्वात लोकप्रिय पद्धती तळाशी गेल्या. ‘मी पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ या समजुतीलाही २००८ च्या एका सविस्तर आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही. परवच्याला ही सगळी शास्त्रीय पावती मिळते असे म्हणायचे नाही. त्यात अर्थाची बाजू लंगडी होती, ती तशीच राहते. पण विसरू लागण्याच्या बेतात असताना पुस्तक मिटून आठवणे, हा त्याचा गाभा बरोबर होता.

कॉलेजच्या विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र अभ्यासपुस्तके लिहिण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेतली. फ्रान्सिस रॉबिन्सन यांचे पुस्तक १९४६ मध्ये आले. आधी धडा चाळा, मथळ्यांचे प्रश्न करा, मग वाचा, मिटून सांगा आणि नंतर उजळणी करा, ही त्यांची पाच पायऱ्यांची रीत आजही शिकवली जाते. १९६२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी पानाला उभी रेघ मारून डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे टिपणे अशी वही सुचवली. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, आणि दोन्हींच्या पोटात आठवण्याचेच काम दडलेले आहे. पण ही पुस्तके ज्या विद्यार्थ्यासाठी लिहिली गेली तो आवारातल्या वसतिगृहात राहत होता. ग्रंथालय दहा मिनिटांवर, टेबल स्वतःचे, संध्याकाळ मोकळी. तीच पुस्तके डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात आली की पद्धत टिकते आणि वेळापत्रक कोसळते. मुलाला वाटते, आपल्यातच शिस्त नाही.

वेळेचे नियोजन हा प्रवाह तर शिक्षणातून आलाच नाही. तो कारखान्यातून आणि ऑफिसातून आला. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये कामगाराच्या हालचाली घड्याळावर मोजण्याचे शास्त्र मांडले. पुढे व्यवस्थापकांसाठी तातडीचे आणि महत्त्वाचे यांचे चौकोन आले, याद्या आल्या. विद्यार्थ्याच्या गरजेतून निघालेली एक रीत त्यात लक्षात राहते: फ्रान्सिस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर २५-२५ मिनिटांचे तुकडे करून अभ्यास केला. आपल्याकडचे सर्वात धाडसी वेळनियोजन मात्र या परंपरेबाहेर घडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व राबवले, तेव्हा श्रमाचे तास आणि अभ्यासाचे तास दोन्ही संस्थेने आखले होते. गरीब मुलाने दिवस कसा विभागायचा, हे ओझे एकट्या मुलावर टाकलेले नव्हते. आज कॉलेज करून दुकानात, डिलिव्हरीवर किंवा शिकवण्या घेऊन कमावणाऱ्या मुलांची आखणी त्यांची त्यांनाच करावी लागते. वेळनियोजनाच्या चर्चेत साताऱ्याचा हा दाखला क्वचितच येतो, यायला हवा.

अलीकडच्या संशोधनाने या प्रवाहाला नम्रता शिकवली. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील ते विचारले गेले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ५६ लागले. वेळेचा अंदाज चुकणे हा आळशी माणसाचा दोष नसून माणसाच्या विचाराचीच ती ठेवण आहे: आपण काम डोळ्यांसमोर आणतो, अडथळे आणत नाही. सवयींबद्दलही तेच. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यकानुसार ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता. ‘एकवीस दिवसांत सवय’ असे सांगणारी पुस्तके बाविसाव्या दिवशी वाचकाला अपराधी करून सोडतात. म्हणून या पुस्तकात दिवसांची हमी कुठेही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. मला वाटते, इथल्या विद्यार्थ्याचा दिवस तुटक आहे हे खरे, पण तुटक दिवस अभ्यासाला निरुपयोगी असतो ही समजूत खोटी आहे. अभ्यासात दोन वेगळ्या जातींची कामे असतात. एक बैठकीचे काम: अकाउंट्सचा ताळेबंद जुळवणे, गणितातली सिद्धता पहिल्यांदा समजून घेणे, इंग्रजीतला अवघड धडा शब्द लावत वाचणे, निबंध किंवा जर्नल लिहिणे. याला सलग वेळ, टेबल आणि शांतता लागते. गाडीत ते होत नाही आणि करायचा प्रयत्नही करू नये. दुसरे सुटे काम: काल वर्गात काय झाले ते पुस्तक न उघडता मनात मांडणे, नामे आणि जमाच्या नोंदी कोणत्या नियमाने होतात ते स्वतःला सांगणे, कार्बनी रसायनातली एक अभिक्रिया पायरीपायरीने आठवणे, १८५७ नंतरचे कायदे क्रमाने लावणे. याला दहा मिनिटे पुरतात, आणि दिवसात ती विखुरलेली असली तर जास्त चांगले. वर दिलेला सगळा पुरावा हेच सांगतो: मध्ये अंतर पडलेले, पुस्तक मिटलेले, थोडेसे कष्टाचे आठवणे टिकते. सलग सहा तासांची मोकळी दुपार मिळालेला मुलगा हे काम सहसा करतच नाही, कारण पुस्तक समोर असते आणि उघडे ठेवणे सोपे असते. कोपर ते ठाकुर्लीची दोन स्थानके, बसच्या रांगेतली वाट, दोन लेक्चरांमधली रिकामी तासिका यांत पुस्तक उघडणे अवघड आहे. म्हणून तिथे आठवणेच सोपे पडते. आपल्या विद्यार्थ्याचे दुखणे वेळ कमी असणे हे अर्धेच आहे. उरलेले अर्धे असे, की तो बैठकीचे काम तुकड्यांत भरायला जातो आणि हाती आलेली बैठक सुट्या कामात, रंगवण्यात आणि पुनर्वाचनात, घालवतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो गंभीर आहे. सकाळच्या गर्दीत दिव्याला गाडीत चढणाऱ्या मुलीला ‘अभिक्रिया आठव’ असे सांगणे क्रूर नाही का? जिथे श्वास घ्यायला जागा नाही, तिथे अभ्यास कसला? ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्रा यांदरम्यान धावत्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. या मार्गावरच्या प्रवासाविषयी बोलताना ते विसरून चालणार नाही. उत्तर दोन भागांत द्यावे लागते. दारात उभे असताना एकच काम आहे, सुखरूप पोचणे; ती मिनिटे अभ्यासाच्या हिशोबातून पूर्ण वजा धरावीत, आणि या पुस्तकात ती तशीच धरली आहेत. उलट दिशेचा प्रवास, दुपारची गाडी, फलाट, चौथ्या सीटवर का होईना बसायला मिळालेली जागा, एवढेच जमेला आहे, आणि आठवड्याभरात तेही कमी भरत नाही. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. जास्त गाड्या, घराजवळ चांगली कॉलेजे, परवडणारी वसतिगृहे या मागण्या अभ्यासाच्या कोणत्याही पद्धतीने सुटत नाहीत. अभ्यासाचा सल्ला व्यवस्थेच्या उणिवेवर पांघरूण घालायला वापरला गेला, तर तो सल्लाच दूषित होतो. पण उणीव दूर होईपर्यंत यंदाचे सत्र थांबणार नाही, आणि यंदाच्या मुलांना यंदाच उत्तर हवे.

दुसरा आक्षेप विद्यार्थीच घेतात: जुन्या प्रश्नपत्रिका, गाइड आणि शेवटचा आठवडा एवढ्यावर पास होता येते, मग रोजची कटकट कशाला? त्यांचा अनुभव खोटा नाही. वरच्या प्रयोगात पाच मिनिटांनी वाचणारेच जिंकले होते. आदल्या रात्रीचा अभ्यास दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर कामाला येतो. प्रश्न पुढच्या सत्राचा आहे. अकाउंट्स, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय एकावर एक चढणारे आहेत. पहिल्या सत्रात पास झालेले पण विसरलेले तिसऱ्या सत्रात केटी होऊन परत भेटते. शिवाय परीक्षेची रचनाच आता बदलली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही लागू झाला. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे आणि मूल्यशिक्षणाचे श्रेयांक, भारतीय ज्ञानप्रणाली, पुढे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, अशी बरीच लहान लहान ओझी एकाच सत्रात येतात, प्रत्येकाची चाचणी आणि सबमिशन वेगळे. पूर्वी वर्षाचा एक डोंगर चढायचा असे. आता दर पंधरवड्याला एक टेकडी. शेवटच्या आठवड्याची रणनीती डोंगराच्या काळातली आहे.

याच काळात आणखी एक बदल झाला. कोणत्याही धड्याचा गोषवारा, कोणत्याही प्रश्नाचे नीटनेटके उत्तर आता फोनवर क्षणात मिळते, मराठीतही. समजावून घेण्यासाठी हे मोठे साधन आहे. इंग्रजी पानापाशी अडकलेल्या मुलाला तर आधी अशी मदत कधीच नव्हती. पण तयार उत्तर वाचून समजल्यासारखे वाटणे आणि स्वतःहून सांगता येणे यांतले अंतर त्यामुळे आणखी दिसेनासे होते. आधी आपण आठवावे, अडावे, मग फोनला विचारावे. हा क्रम एवढा सांभाळला तरी पुष्कळ झाले.

तिसरी अडचण घरातली आहे, आणि तिच्याविषयी अभ्यासपुस्तके सहसा गप्प असतात. एका खोलीत टीव्ही, आजारी आजी आणि धाकटा भाऊ असेल, तर ‘शांत जागी बसा’ हे वाक्य निरर्थक ठरते. मुलीच्या बाबतीत संध्याकाळचा वेळ पाणी, स्वयंपाक आणि पाहुणे यांत आधीच वाटून गेलेला असतो. मुलाचा तेवढा नसतो. शिस्तीचा उपदेश दोघांना सारखाच केला तर तो दोघांपर्यंत सारखा पोचत नाही. इथे उपाय घरात बोलणे हा आहे: आठवड्यातल्या कोणत्या तीन बैठका हिच्या हक्काच्या, हे आई-वडिलांनी आणि भावाने मान्य करून पाळणे. सहा तास मागितले तर नकार येतो. तीन संध्याकाळी दीड-दीड तास ठरवून मागितला तर बहुधा मिळतो. आणि घराबाहेरची जागा शोधणे. अभ्यासिका हा शब्द या भागात स्पर्धापरीक्षेच्या मुलांनी रुजवला, त्यामुळे एफ.वाय.ची मुले तिथे जायला बुजतात. बुजू नये. कॉलेजचे ग्रंथालय दुपारी बहुधा रिकामे असते, आणि ठाण्या-कल्याणची जुनी वाचनालये अजून उभी आहेत. घरी जाण्याची घाई न करता कॉलेजातच दोन तास बसून मग गर्दी ओसरल्यावरची गाडी पकडणे, हा बदल बऱ्याच जणांना शक्य आहे, आणि त्याने बैठक मिळते, तसाच प्रवासही सुसह्य होतो.

काहींना हे सारे वय कोमेजवून टाकणारे वाटेल. अठराव्या वर्षी मिनिटे मोजायची? नाटकाच्या तालमी, एन.एस.एस.चे शिबिर, कट्ट्यावरच्या गप्पा, यांचे काय? या पुस्तकाचे वेळापत्रक झोपेपासून सुरू होते, मग प्रवास, मग घरचे काम, मग मित्रमंडळी, आणि त्यातून उरलेल्या जागेत अभ्यास बसवते. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. ज्या गोष्टी होणारच आहेत त्या कागदावर न मांडल्या तर त्या अभ्यासाच्या वेळेतच होतात, आणि मग गप्पाही धडपणे मारता येत नाहीत, कारण मनात अभ्यास टोचत असतो. एकांकिकेच्या महिन्यात अभ्यास कमी होईल, हे आधीच लिहून ठेवलेल्या मुलाला तो महिना मनापासून जगता येतो.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते यावरून लक्षात यावे. त्यात यशस्वी माणसांच्या कथा नाहीत आणि पहाटे चारचा आग्रह नाही. दर विषयाचे काम बैठकीचे किती आणि सुटे किती, हे ओळखायला शिकवणे. मराठीतून विचार करून इंग्रजीतून लिहिणाऱ्याला वाचनाचा वेळ खराखुरा धरायला लावणे. मेगाब्लॉकचा रविवार, पावसाने गाड्या बंद पडलेला दिवस, गणपतीचा आठवडा हे अपवाद न मानता वर्षाचाच भाग म्हणून आखणीत घेणे. आणि मोडलेले वेळापत्रक अपराधीपणाशिवाय पुन्हा कसे जुळवायचे ते दाखवणे, एवढे त्याचे काम आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान यांतली उदाहरणे वेगवेगळी दिली आहेत, कारण इतिहासाचा अभ्यास आणि रसायनाचा अभ्यास एकाच साच्यात बसत नाही. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांना इथे हात लावलेला नाही. त्यांची गरज वेगळी आहे आणि त्यांच्यावर पुस्तके भरपूर आहेत.

पहिल्या प्रकरणाच्या आधी सात कोरी पाने आहेत, दर पानावर सकाळी पाच ते रात्री बारापर्यंतचे तास छापलेले. आखणी करण्याआधी एक आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद करायची: कुठली गाडी पकडली, बसायला मिळाले का, किती वाजता वर्ग सुटला, फोन किती वेळ हातात होता, झोप कधी लागली. अंदाजाने भरू नये. अंदाज किती चुकतो ते वर आलेच आहे. रोज रात्री पाच मिनिटे पुरतात, आणि पुढची प्रकरणे ही सात पाने भरल्यावरच वाचावीत.